कापलेला कोपरा

राख सावडून घरी आलो तेव्हा कळलं की आमच्या घरात आत्याचा एकही फोटो नाही.

घर तसं फोटोंनी भरलेलं आहे. कोट घातलेले आजोबा आहेत, बहिणीचं लग्न आहे, तिची पोरं आहेत, माझी पदवी आहे. पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीचासुद्धा चौकटीतला फोटो आहे. आत्या मात्र कुठेच नाही. बाबांनी आधी भिंत पाहिली, मग अल्बम काढायला लावले, मग घरातले सगळे मोबाईल. शेवटी बाजेवर बसून म्हणाले, “तेरवीले फोटो तं पायजे. समोर काईच नसन तं लोक हात कोनाले जोडतीन?”

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्षही झालं नसेल, नवरा गेला आणि ती आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याजवळच्या आमच्या गावी परत आली ती कायमची. आई शेतात राबायची आणि आम्हाला आत्यानं वाढवलं. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी मला ओढत नेणारी ती, आणि मी रडतो म्हणून वर्गाबाहेर बसून राहणारीही तीच. कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

शुभकार्यात विधवेनं समोर येऊ नये, ही आमच्याकडची रीत. तिला कोणी हाकललं असं मला आठवत नाही. तशी गरजच पडायची नाही, कारण हळदीकुंकवाचं ताट बाहेर यायच्या आत ती स्वयंपाकघरात गेलेली असायची. फोटोचंही तेच. गावात पहिल्यांदा कॅमेरा आला तेव्हापासून तिला ठाऊक होतं की फोटो म्हणजे शुभकार्य, आणि पुढे मोबाईल आले, लोक भेंडीच्या भाजीचेही फोटो काढायला लागले, तरी तिची सवय गेली नाही. आम्ही मोबाईल उचलला की ती उठून जायची. आम्हीही हसून सोडून द्यायचो. शिकलेसवरलेले होतो, रीतीभातीला नावं ठेवत होतो, पण कोणी तिचा हात धरून तिला बसवलं नाही.

राहता राहिला आधार कार्डावरचा फोटो. नखाएवढा, करडा, आणि त्यातल्या बाईला कोणीतरी दम देऊन बसवल्यासारखा. आदिलाबादच्या एका स्टुडिओत तो मोठा करायला दिला, तर नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळेना. स्टुडिओवाला तेलुगू माणूस, भला होता. त्यानं कुठल्याशा ॲपमध्ये तो घातला आणि क्षणात एक गोरीपान, गुळगुळीत, भरल्या गालांची बाई तयार करून दिली. बाबांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि मला विचारलं, “हे कोन बाई हाय?”

तो फोटो आम्ही घेतला नाही.

परत येताना बाबा मोटरसायकलवर मागे बसले होते. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, “मले आताच तिचं तोंड नीट आठवून नाही राह्यलं.” हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. सोबत वाढलेल्या बहिणीचा चेहरा माणसाच्या हातून असा निसटून चालला होता, आणि तो धरायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

इथं मला माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी हैदराबादेत कॅमेऱ्यांच्या भिंगांची आखणी करतो. काच घासत नाही. कुठल्या काचेला किती बाक द्यायचा, दोन काचांत किती अंतर ठेवायचं, उजेडाचा किरण कुठून आत येऊन कुठे पडेल, हे संगणकावर बसून ठरवतो. गावात मला ‘चष्म्यावाला’ म्हणतात. मी त्यांची चूक दुरुस्त करणं केव्हाच सोडलं.

काही वर्षांपूर्वी खिशात मावेल अशा एका डिजिटल कॅमेऱ्याच्या स्टँडर्ड लेन्सवर मी काम करत होतो. स्टँडर्ड लेन्स म्हणजे साधारण माणसाच्या नजरेला जसं दिसतं तसं दाखवणारी. लांबचं ओढून जवळ आणणार नाही की जवळचं फुगवणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण साधंच दाखवायला सगळ्यात जास्त घाम येतो. एका काचेनं भागत नाही. ती उजेड वाकवते, पण निळा जास्त आणि तांबडा कमी, म्हणून रंग एकमेकांपासून फाटतात. ते जुळवायला दुसऱ्या जातीची काच लावा, तर तिची स्वतःची खोड निघते. मग तिसरी, चौथी, अशा सात.

हे मी आत्याला एकदा सांगत होतो. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

“सात काचा?” ती म्हणाली. “दादाच्या चष्म्याले तं एकच अस्ते.”

“बाबांच्या चष्म्याची काच एकाच डोळ्यासमोर असते, आत्या. यात पूर्ण चित्र नीट यावं लागतं. एकीची चूक दुसरीनं भरून काढायची, दुसरीची तिसरीनं.”

“म्हनजे एकीनं करायचं अन् बाकीच्याईनं निस्तरायचं.” तिनं आईच्या दिशेनं मान उडवली. “हे शिकाले तू हैद्राबादले गेल्ता? घरीच रायला अस्ता.”

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नव्हती. कॅमेरा खिशात मावायचा तर भिंग चपटं हवं. सगळे दोष काचेनंच काढायचे म्हटलं तर काचा वाढतात आणि नळी लांब होते. म्हणून आम्ही एक तडजोड करतो. सरळ रेषा थोड्या बाहेर फुगू देतो. दाराची चौकट, भिंतीची कड, सगळं पिंपासारखं पोट काढतं. आतल्या चिपला ते किती फुगणार हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. ती चित्र ताणून सरळ करते, आणि ताणताना चौकटीबाहेर गेलेले कोपरे कापून टाकते. पडद्यावर दिसतं ते कापलेलंच. काचेनं जे पाहिलेलं असतं त्यातला हा भाग कोणाच्याच नजरेला पडत नाही. आणि तो कापलाच जाणार म्हणून आम्ही त्यावर मेहनतही घेत नाही. तिथं चित्र पुसट असतं, रंग फाटलेले असतात. मीटिंगमध्ये मीच ठणकावून म्हणायचो की कोपऱ्याचा विचार सोडून द्या.

तो कॅमेरा बाजारात यायच्या आधी तपासायला म्हणून मी घरी आणला होता, बहिणीच्या साक्षगंधाला. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. ऑफिसच्या तपासणीसाठी त्यात एक सोय मी चालू ठेवली होती: कापून सरळ केलेल्या फोटोबरोबर काचेनं पाहिलेलं न कापलेलं चित्रही साठवायचं. नंतर ऑफिसनं मोजणी करायची ती दुसऱ्याच फोटोंवर केली, आणि ही चित्रं उघडून पाहायचं कोणाला कारण पडलं नाही.

त्या दिवशी बायका सतरंजीवर बसल्या होत्या, बहीण पाटावर. आत्यानं पहाटेपासून सगळा स्वयंपाक एकटीनं केला होता आणि आता ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मी कॅमेरा उचलला की तिथून तिचा आवाज यायचा. “मी येऊन तं नाही राह्यली ना तुया फोटोत?” मी पडद्यावर पाहायचो. बायका होत्या, बहीण होती, उजव्या कडेला दाराच्या पडद्याची एक हिरवी पट्टी होती. “नाही येत,” मी म्हणायचो. जागा बदलून पुन्हा कॅमेरा लावला की पुन्हा तोच प्रश्न, कधी या कडेनं, कधी त्या. मला त्याचा थोडा कंटाळाही आला होता.

आदिलाबादहून आलो त्या दुपारी पाणी पिताना मला अचानक आठवलं की आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला पडदा कधीच नव्हता.

जुना लॅपटॉप मी मागेच गावी आणून टाकला होता, भाच्यांना खेळायला. त्यात ते फोटो होते आणि माझा कामाचा प्रोग्रामही होता. मधल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता. त्याच्याच पायथ्याशी मी बसलो. बाबा शेजारी येऊन टेकले. मी साक्षगंधाचा पहिला फोटो उघडला, हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. “हे काय आहे, बाबा?”

“लुगडं,” बाबा म्हणाले. “तिचं.”

मी दुरुस्ती बंद केली आणि न कापलेलं चित्र उघडलं. भिंत फुगली, चौकट वाकली, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला कललेली, दबलेली, आत्या उभी होती.

तोंड पलीकडे वळवलेलं होतं. कान दिसत होता, कानशिलावरचे पांढरे केस दिसत होते. मी पुढचा फोटो उघडला. तो मी खोलीच्या दुसऱ्या बाजूनं काढला होता, आणि आत्या त्यातही होती, या वेळी डाव्या कोपऱ्यात. पुढचा उघडला, त्यातही. मी जिथं जिथं गेलो होतो तिथं तिथं ती सरकली होती, आणि प्रत्येक वेळी चौकटीच्या जेमतेम बाहेर थांबली होती. मला भीती वाटली, सरळ सांगतो. माणूस मेल्यावर घरात वावरतं असं गावात म्हणतात आणि मी त्यावर हसत आलोय. पण ही जिवंतपणी घरभर वावरत होती आणि आम्हा कोणाला दिसली नव्हती. हैदराबादला आज कुठलंही चित्र तपासायला घेतलं की मी आधी कोपरे पाहतो. तिथं कोणी नसलं तरी बराच वेळ पाहत राहतो.

चित्रं पुढे सरकत गेली तशी ती बदलत गेली. आधी तोंड फिरवलेली, मग अर्धी वळलेली. बहिणीची ओटी भरतानाच्या फोटोंत ती थेट काचेकडे पाहत होती. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, निऱ्या सारख्या केलेल्या, दोन्ही हात पुढे एकात एक, हनुवटी किंचित वर. खोलीतली बाकी सगळी माणसं ओटीकडे बघत होती. ती एकटीच माझ्याकडे बघत होती.

“ते काय करून राह्यली तिथं?” बाबांनी विचारलं.

“फोटो काढून घेऊन राह्यली, बाबा,” मी म्हणालो.

मला आधी रडू आलं नाही, राग आला. त्या ओटीचा, त्या सतरंजीवरच्या बायकांचा, बाबांचा आणि माझ्या त्या हुशार चपट्या भिंगाचा. घरातल्या बाईनं आपला फोटो असा चोरून काढून घ्यावा, तोही फोटोत न येता! ती मला दर वेळी विचारत होती ते एवढ्यासाठीच. आपण येत नाही अशी खात्री झाली की मग ती फोटोसाठी उभी राहत होती.

त्यातलं एक चित्र आम्ही निवडलं. आता तेवढाच कोपरा मला सरळ करायचा होता. कॅमेऱ्याची चिप तो फेकून देते, पण तो किती वाकलाय याचं गणित माझंच होतं. हळूहळू कललेली आत्या उभी झाली, दबलेला गाल जागेवर आला. चेहरा पुसटच राहिला, पण तो तिचाच होता. बाबा पुढे झुकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

मग म्हणाले, “कपायावर काय हाय ते?”

कपाळाच्या मधोमध एक बारीक तांबडा ठिपका होता.

“कोपऱ्यात रंग फाटतात,” मी म्हणालो. “हे पाहा, चौकटीच्या कडेलाही तांबडं आहे, फळीवरच्या पितळी डब्यांनाही आहे. भिंगाचा दोष असेल.”

“असन नको सांगू. तुयीच काच हाय ना? पाह्यून सांग.”

फाटलेले रंग पुन्हा जुळवायचं गणितही माझ्याकडे होतं. ते लावलं. चौकटीची तांबडी कड गेली. डब्यांची गेली. पदराच्या काठाची गेली. ठिपका होता तिथंच राहिला. मी आधीची चित्रं पुन्हा उघडली. तोंड फिरवलेल्या, अर्ध्या वळलेल्या आत्याच्या कपाळावर काही नव्हतं. काचेकडे पाहणाऱ्या प्रत्येक आत्याच्या कपाळावर तो होता.

आई दारात येऊन उभी होती. “टिकलीचं पाकीट ओटीच्या ताटात होतं,” ती हळूच म्हणाली. “ते ताट तिनंच भरलं. पन च्या घेऊन बाह्यर आली तवा कपाय कोरं होतं तिचं. नाहीतं बायाईनं बोललं अस्तं.”

म्हणजे तेवढ्यापुरती लावली होती. फोटो होईपर्यंत. मग काढून, पुसून, चहाचा ट्रे घेऊन ती पाहुण्यांत आली होती आणि कोणाला साखर कमी हवी ते विचारत फिरली होती. तो चहा मीही प्यायलो होतो.

बाबा कापसाला टेकून बसले. म्हणाले, “मी तिले कदी म्हटलं नाही का लावू नको म्हनून.” मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पन लाव बी नाही म्हटलं.”

थोड्या वेळानं मी विचारलं, “ठिपका काढून टाकू का? मिनिटाचं काम आहे. तिच्या सासरचे येतील, भाऊबंद येतील, लोक पाहतील.” बाबा उठून गोठ्याकडे गेले. मी तो ठिपका तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आदिलाबादला जाऊन फोटो छापून आणला. स्टुडिओवाल्यानं फोटो उजेडात धरला आणि हिंदीत विचारलं, कॅमेरा खराब होता का? मी म्हटलं, हो, कोपऱ्यात खराब होता.

तेरवीला माणसं भरपूर आली. पाटावर फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढे समई. बायका दर्शनाला यायच्या, हात जोडायच्या, मान वर करायच्या आणि थबकायच्या. कुजबुज सुरू झाली हे मला ओट्यावरूनही कळत होतं. आमच्या भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्या काकूनं शेवटी बाबांना विचारलंच. “हे कदीचा फोटो, भाऊ? जावाई होते तवाचा?”

हो म्हणाले असते तर सगळं मिटलं असतं. मला तर वाटलं ते हो म्हणतीलच. सगळं आयुष्य त्यांनी चार लोकांत मान खाली जाऊ नये म्हणून जपून काढलंय.

“तवाचा नाही,” बाबा म्हणाले. “पोरीच्या साक्षगंधाचा हाय.”

काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती मागे सरकली. भटजींना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी बाबांना पुढे बोलावलं. सवाष्णीच्या फोटोला कुंकू लावतात, विधवेच्या फोटोला बुक्का. आईनं बुक्क्याची वाटी बाबांच्या हातात दिली. त्यांनी बोट बुडवलं, काळं झालेलं बोट काचेपर्यंत नेलं, तिच्या कपाळासमोर धरलं. मग त्यांनी ते मागे घेतलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याला नीट पुसलं.

“तिचं तिनं लावलं हाय,” ते म्हणाले, आणि वाटी आईकडे परत दिली.